रायझन ५६०० सांगून १६०० गळ्यात मारला, सेकंडहँड कॉम्बो घेणाऱ्यांनी वाचाच

हे लिहायला सहा आठवडे लागले कारण लाज वाटत होती. ओळखीतल्या चार जणांना पीसीचे पार्ट मीच निवडून दिलेत, आणि मलाच कोणीतरी २०१७ चा प्रोसेसर २०२२ चा म्हणून विकला. राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सरळ क्रमाने येईल असं नाही.

फोटो एकाचा आणि माल दुसऱ्याचा हा प्रकार कसा चालतो ते सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होता. तरी फसलो. पैशांचे आकडे माझं एकूण बजेट १०० धरून सांगतो.

ग्राफिक्स कार्डला ४५ बाजूला काढले होते, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट मिळून १९, म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्डला उरले ३६. गेमिंगच्या बजेट पीसीत जास्तीत जास्त पैसा कार्डावरच घालायचा असतो, त्यात माझं काही चुकलं नव्हतं. दोन महिने तुलना करत होतो. इंटेलचा आय३-१२१००एफ, ४ कोर (आत काम करणारे भाग) ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), नवाकोरा, बोर्डासकट ३९ ला पडत होता. पण मला ६ कोर हवे होते आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० डोक्यात बसला होता, ६ कोर १२ थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग वाढवणारा बूस्ट, आणि मुख्य म्हणजे ३२ एमबी एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी, जी गेमला खरंच लागते. तो नवीन घेतला तर बोर्डासकट ४८. आणि जुन्या वस्तूंच्या ॲपवर एकाने ५६००, बी४५० बोर्ड आणि कूलर असा कॉम्बो बरोबर ३६ ला लावलेला. फुकटात देतोय असा भाव नव्हता हो, वापरलेल्या मालाला साजेसा होता, म्हणूनच संशय आला नाही. भाव फारच कमी असेल तर सावध व्हा असं सगळे सांगतात, पण भाव बरोबर वाटत असेल तरी तितकंच सावध राहा.

आता ती गोष्ट जी मला रात्री झोपू देत नाही. मी त्याच्याकडे पुरावा मागितला, तर त्याने बायोस स्क्रीनचा, म्हणजे पीसी चालू होताना बोर्डातला प्रोग्राम दाखवतो त्या स्क्रीनचा, फोटो पाठवला. त्यात ठळक लिहिलेलं, रायझन ५ ५६००. आणि वर कोपऱ्यात बोर्डाचं नाव, बी५५०. मला विकत होता बी४५०. मी ते पाहिलं! नजरेतून सुटलं असतं तर एकवेळ स्वतःला माफ केलं असतं, पण मी पाहिलं, झूम केलं आणि त्याला विचारलंसुद्धा की भावा हा बोर्ड वेगळा दिसतोय. तो म्हणाला, आधी दुसऱ्या बोर्डावर लावलेला, तेव्हाचा फोटो आहे. आणि मी "ओके" लिहिलं. तिथे एवढंच म्हणायचं होतं की आत्ताच्या बोर्डावर चालू करून, कागदावर आजची तारीख लिहून, तो कागद स्क्रीनसमोर धरून व्हिडिओ पाठव. दोन मिनिटांचं काम. पण "माझ्याकडे अजून दोघं विचारतायत" हे त्याने त्याच्या पाच मिनिटं आधीच टाकून ठेवलं होतं आणि मला घाई झाली.

६ ॲडव्हान्स दिले, पार्सल निघायच्या आधी उरलेले ३०, दोन्ही ॲपबाहेर थेट ट्रान्सफर, कारण ॲपवरून घेतलं तर कमिशन कापतात म्हणाला. ॲपबाहेर पैसे द्यायला सांगणारा कोणीही असो, तिथेच बोलणं बंद करा.

आणखी एक चूक, जी तेव्हा चूक वाटलीच नाही. माझं ग्राफिक्स कार्ड उशिरा येणार होतं हे मीच त्याला बोलता बोलता सांगून बसलो. ५६०० मध्ये इनबिल्ट ग्राफिक्स नसतं, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही, म्हणजे कार्ड येईपर्यंत मी चेक करू शकणार नाही हे त्याला कळलं. लगेच म्हणाला ७ दिवसांची चेकिंग वॉरंटी देतो. मला बरं वाटलं. नावामागे 'जी' (G) अक्षर नसलेला रायझन ५००० किंवा मागे 'एफ' (F) असलेला इंटेल सेकंडहँड घेत असाल तर आधी कार्ड हातात येऊ द्या, निदान ओळखीच्या कोणाचं तरी एका संध्याकाळपुरतं आणा. मी आणलं नाही.

पार्सल आलं तेव्हा कूलर प्रोसेसरवर बसवलेलाच होता. बॉक्स नाही, घर बदलताना गेला म्हणे. कूलर काढून प्रोसेसरवरचं नाव बघू का विचारलं तर म्हणाला अजिबात काढू नकोस, एएम४ (या रायझनचं सॉकेट) मध्ये कूलर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. हे खरं आहे म्हणून जास्त चीड येते. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात आणि कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असेल तर असं खरंच होतं, मी स्वतः बघितलंय. पण त्याला उपाय आहे, पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, बंद करून प्लग काढायचा, कूलर हळूहळू दोन्ही बाजूंना पिळायचा आणि मग उचलायचा. विकणाऱ्याला हे करायला लावा आणि नावाचा फोटो घ्या, मगच पैसे.

कार्ड आलं १६व्या दिवशी. पहिल्यांदा बायोस उघडली आणि समोर रायझन ५ १६००. मला वाटलं बायोस चुकीचं वाचतेय. मग विंडोज टाकून सीपीयू-झेड, म्हणजे प्रोसेसरची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, चालवलं, एल३ १६ एमबी, म्हणजे ५६०० च्या निम्मी, आणि १४ नॅनोमीटरची जुनी बनावट. नावावर विसंबू नका, विंडोजमध्ये दिसणारं नाव बदलता येतं, कॅशे आणि फॅमिली (प्रोसेसरच्या पिढीचा क्रमांक) बघा, ५६०० ला एक्स्ट. फॅमिली १९ येते, १६०० ला १७. हाही ६ कोर १२ थ्रेडच आहे म्हणून टास्क मॅनेजरमधले कोर मोजून काही कळत नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तर हा प्रोसेसर नाहीच.

त्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "६ कोर १२ थ्रेड हवे होते ना, तेवढेच दिलेत, आणि ७ दिवस होऊन गेले." मग ब्लॉक.

यापुढचं तर फसवणुकीपेक्षा जास्त लागलं. ॲपवाल्यांनी लिहिलं, व्यवहार आमच्या बाहेर झाला, आम्ही काही करू शकत नाही. अरे, त्याचं खातं तुमच्याकडे आहे, जाहिरात तुमच्याकडे होती, ती तरी काढा! बँकेत गेलो तर म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, अनधिकृत व्यवहार नाही, फॉर्म भरून जा. भरला. २३ दिवसांनी "तक्रार बंद" असा मेसेज, कारण नाही, फोन नाही. पोलिसांकडे चार वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले हद्दीतल्या चौकीत जा. चौथ्यांदा एकाने ऐकून घेतलं आणि विचारलं, वस्तू मिळाली का? मिळाली. कॉम्प्युटर चालू होतो का? होतो. मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे, वकील बघा.

माझ्याकडे पुरावा होता हो! बोर्डातली बायोस २०१८ ची होती. रायझन ५००० बाजारात आले २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, बी४५० वर ते चालायला त्यानंतरची बायोस टाकावी लागते, म्हणजे त्या बायोसवर ५६०० सुरू होणंच शक्य नव्हतं, चुकून बदलला गेला असं म्हणायलाही जागा नाही. हे मी दोन पानांत फोटोंसकट लिहून नेलं. त्या पोलिसाने पानं उलटी करून टेबलावर ठेवली, वाचलीसुद्धा नाहीत. सोन्याच्या नावाखाली पितळ विकलं तर कळतं, आणि प्रोसेसर म्हटलं की दिवाणी मामला? सगळे चॅट, ट्रान्सफरचे स्क्रीनशॉट, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा, पोचपावती घेतल्याशिवाय कुठल्याही ऑफिसातून उठू नका, मी पहिले दोन वेळा तसाच परत आलो आणि आता मी गेलो होतो हेच कोणी मानत नाही.

हा १६०० चा कॉम्बो विकायचा तर मला फार तर १४ येतील, म्हणजे २२ गेले. ३ जास्त घातले असते तर वॉरंटीवाला १२१००एफ आज टेबलावर असता.

परवा त्याच ॲपवर वेगळ्या नावाने जाहिरात दिसली, ५६०० आणि बी४५० कॉम्बो. आतला बायोसचा फोटो तोच, वर कोपऱ्यात बी५५०. मी तीनदा रिपोर्ट केली. हे लिहिताना परत बघितलं, अजून तिथेच आहे.