सोलापुरात कच्चं चॉकलेट: कोको बटर घ्यावं की खोबरेल?

थंडीत न्हाणीतली खोबरेलाची बाटली थिजते आणि अंघोळीआधी उन्हात ठेवावी लागते. घरी कच्चं चॉकलेट करायचं असेल तर अर्धा निर्णय त्या बाटलीनेच दिलेला आहे. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं, कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, ३४ च्या आसपास. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी कधीच ओलांडून गेलेला असतो.

कच्चं म्हणजे न भाजलेल्या कोको बियांचं, आणि करताना साधारण ४२ ते ४८ अंशांपुढे न तापवलेलं. नेमकी रेघ जो तो आपापली ओढतो. शेतावर बिया आंबवतानाच ढीग ४५-५० अंशांपर्यंत तापतो, त्यामुळे ‘कच्चं’ या शब्दाला मी फार डोक्यावर घेत नाही. मला त्याची तुरट-आंबट चव आवडते, एवढंच.

सोपं आणि स्वस्त खोबरेलाचं. खाण्याचं तेल अर्धी वाटी, न भाजलेल्या कोकोची पावडर अर्धी वाटी, तीन चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ. ढवळायचं, कागदी वाट्यांत ओतायचं, अर्धा तास फ्रीजमध्ये. पहिल्यांदा करणाऱ्याचंही चुकत नाही. चुकतं ते नंतर. गेल्या एप्रिलात मी पाहुण्यांपुढे बशी ठेवली. चहा गाळेपर्यंत चॉकलेटच्या कडा चकाकायला लागल्या. भाच्याने एक उचललं तर कागदी वाटी त्याच्या हातात आणि चॉकलेट बशीत. शेवटी चपातीला लावून संपवलं. चवीला छान होतं, पण त्याला चॉकलेट कसं म्हणायचं?

कोको बटरचं खरं चॉकलेट होतं. मोडताना ‘टक्’ वाजतं, बोटांना लगेच लागत नाही, तोंडात मात्र विरघळतं, कारण तोंडातली ऊब ३४ च्या वर असते. १०० ग्रॅम बटर, ८० ग्रॅम पावडर, ५० ग्रॅम पिठीसाखर या मापाने माझं जमतं. पण हे महाग आहे, आणि निगुतीचं. कोको बटर सहा तऱ्हांच्या स्फटिकांत गोठतं, आपल्याला त्यातली पाचवीच हवी असते. त्यासाठी गरम पाण्यावर भांडं ठेवून ४५ पर्यंत वितळवायचं, ढवळत २७ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१ ला आणायचं. थर्मामीटर लागतोच, अंदाजाने होत नाही. हे टाळलं तर वडी मऊ राहते आणि वर पांढुरके डाग येतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं, तिथे २७ कुठून आणणार? बर्फाच्या पाण्यात भांडं धरलं तर बाहेरून ओघळलेला एक थेंब आत पडायचा आणि सगळं मिश्रण क्षणात रवाळ होऊन बसायचं. ओलसर गुळानेही नेमकं हेच होतं.

मग निम्मं निम्मं घ्यावं, असं सगळ्यांनाच सुचतं. मलाही सुचलं होतं. पण या दोन चरब्यांचं एकमेकींशी पटत नाही: मिसळल्या की मिश्रण निव्वळ कोको बटरपेक्षा कमी तापमानाला मऊ पडतं. पैसे कोको बटरचे जातात आणि गुण खोबरेलाचे येतात.

केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी कंपाउंडची लादी उन्हाळ्यात बरी टिकते आणि तिला हे तापमानाचे लाड नकोत. पण तिच्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि ती कच्ची मुळीच नसते. विकायला करणार असाल तर तीच घ्या.

दोन्ही कच्च्या प्रकारांत एक जोखीम सारखी आहे. बिया भाजल्याने जंतू मरतात, इथे ती पायरीच नाही. म्हणून गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर मी साधी, भाजलेल्या बियांची कोको पावडर वापरते.

माझ्यापुरतं ठरलंय. हुरड्याच्या दिवसांपासून संक्रांतीला भरणारी इथली गड्ड्याची जत्रा उठेपर्यंत कोको बटर, तेही सकाळी लवकर. वर भाजून जाडसर कुटलेले शेंगदाणे, म्हणजे कच्चेपणा तिथेच संपला म्हणा. मार्चपासून खोबरेलाचं, फ्रीजच्या दारात उभं राहून खायचं. आणि कुरिअरने मागवलेलं कोको बटर वाटेत वितळून गोळा होऊन आलं तर परत पाठवू नका, नाहीतरी ते वितळवायचंच आहे.