एचटॉप, टॉप आणि बीटॉप: कमांड फसली की कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं

एचटॉप, टॉप आणि बीटॉप हे तिन्ही लिनक्सचे प्रोसेस मॉनिटर, म्हणजे मशिनवर कुठली प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) किती सीपीयू खाते ते दाखवणारे आणि तिथूनच ती बंद करू देणारे. एचटॉपचे रंग, वरच्या हिरव्या-लाल पट्ट्या, माऊसने क्लिक होतं वगैरे, याचं कौतुक सगळ्यांचं करून झालंय, मी परत करत नाही. मला बघायचं होतं ते एवढंच की बटण दाबलं आणि काम झालं नाही तर हा प्रोग्राम तोंड उघडतो का. कारण निवांत बसलेला माणूस प्रोसेस मॉनिटर उघडतच नाही हो, सर्व्हर रखडायला लागला, फोन वाजायला लागले की मग उघडतो, आणि नेमका तेव्हाच समोरचा प्रोग्राम मुका झाला की डोकं फिरतं.

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबडला, कामं बरीचशी पिंपळगाव-दिंडोरी साइडच्या द्राक्ष पॅकहाऊसची. सीझनला बॉक्सवरची बारकोड लेबलं, पॅलेटच्या याद्या, कंटेनरचे पेपर, सगळं तिथेच कोपऱ्यात ठेवलेल्या एका उबुंटू मशिनवरून निघतं. कंटेनर न्हावा शेवा बंदराला कधी पोचवायचा ते ठरलेलं असतं, त्यामुळे लेबल अडकलं की टेबलावर माल पडून, पॅकिंगवाल्या ताया बसून, आणि शेठचा दर पाच मिनिटाला फोन.

तर अशाच एका संध्याकाळी लेबलची स्क्रिप्ट सीपीयू शंभर टक्के खाऊन बसली. आमचा नवीन पोरगा स्वतःच्या युजरने लॉगिन झाला, एचटॉप उघडलं, ती ओळ शोधली, एफ९ (किल, म्हणजे प्रोसेस बंद कर) दाबलं. डाव्या बाजूला सिग्नलची, म्हणजे प्रोसेसला द्यायच्या हुकमांची यादी येते, त्यात १५ नंबरचा सिगटर्म (नीट बंद हो) आधीच निवडलेला असतो, एंटर मारलं. वर क्षणभर ‘सेंडिंग’ असं दिसलं आणि गेलं. प्रोसेस तशीच. परत केलं, परत तेच. मग यादीत वर जाऊन ९ नंबरचा सिगकिल (जबरदस्तीने मार) दिला, तरी तीच शंभर टक्के. दादा हे मरतच नाहीये म्हणे. मरणार कसं, ती स्क्रिप्ट चालत होती सर्व्हिसच्या वेगळ्या युजरवर, आणि दुसऱ्याच्या प्रोसेसला साधा युजर सिग्नल देऊ शकत नाही, कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, सरळ नकार दिला होता. पण तो नकार एचटॉपने स्वतःच गिळला, स्क्रीनवर एक अक्षर नाही. पाठवतोय एवढं सांगितलं, पोचलं की नाही ते सांगितलंच नाही.

मग त्याला म्हटलं एचटॉप बंद कर आणि साधा टॉप उघड. के दाबलं, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) टाकला, सिग्नल १५, एंटर. लगेच वरच्या बाजूला ओळ आली, ‘फेल्ड सिग्नल पीआयडी’ अमुक अमुक, पुढे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. झालं, विषय संपला, सुडो लावून, म्हणजे रूटच्या (मुख्य ॲडमिन युजरच्या) अधिकाराने, परत दिलं आणि लेबलं सुरू. रंग नाहीत, पट्ट्या नाहीत, पण काय बिनसलं ते एका ओळीत कळलं, आणि मला प्रोसेस मॉनिटरकडून तेवढंच पाहिजे असतं.

एचटॉपचा दुसरा मुकेपणा म्हणजे प्रायॉरिटी. एफ७ ने नाइस व्हॅल्यू कमी करायची म्हणजे प्रोसेसला जास्त महत्त्व, एफ८ ने वाढवायची म्हणजे ती मागे ढकलायची, रेंज उणे २० ते १९. साध्या युजरला स्वतःच्या प्रोसेसवर एफ८ चालतं पण एफ७ चालत नाही, म्हणजे बॅकअपची प्रोसेस एकदा मागे ढकलली की तिला परत पुढे आणायला सहसा रूटच लागतो. हे लिनक्सचं बरोबरच आहे, तक्रार तिथे नाही. तक्रार अशी की एफ७ फसलं की एचटॉप फक्त बीप करतं. बीप! म्यूट केलेल्या लॅपटॉपवर, एसएसएचमधून (लांबून सर्व्हरवर लॉगिन करून), ती बीप ऐकणार कोण. आणि बरं यांना मेसेज देता येत नाही असंही नाही, कारण एस दाबून स्ट्रेस (strace, प्रोसेस कर्नलकडे काय काय मागते ते दाखवणारा प्रोग्राम) बघायला गेलात आणि मशिनवर स्ट्रेस इन्स्टॉल नसेल तर व्यवस्थित सांगतं की स्ट्रेस चालवता आलं नाही, ते पाथमध्ये आहे का बघा. एल दाबलं आणि एलएसओएफ (प्रोसेसने उघडलेल्या फाइली दाखवणारा) नसलं तरी तसंच. म्हणजे जमतं सगळं, किलच्या वेळीच दातखिळी बसते.

आता चांगलं पण सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं झोडतोय. एचटॉपमध्ये सिग्नल नावासकट यादीतून निवडता येतो, पाठ करायची गरज नाही, मन बदललं तर एस्केप. स्पेसबारने चार प्रोसेसना खूण करून एकदम किल करता येतं. सीपीयूनुसार सॉर्ट असलं की ओळी सारख्या वरखाली उड्या मारतात आणि ज्या ओळीवर आपण होतो तिथे दुसरीच प्रोसेस येऊन बसते, त्यावर कॅपिटल एफ दाबायचं, मग हायलाइट त्याच प्रोसेसच्या मागे मागे फिरतं, किंवा कॅपिटल झेड दाबून अपडेटच थांबवायचं. एफ९ च्या आधी हे करायची सवय लावाच. एफ४ चा फिल्टर मात्र एंटर मारल्यावरही लागूनच राहतो, खालच्या पट्टीकडे लक्ष नसलं की माणूस बाकीच्या प्रोसेस कुठे गेल्या म्हणून घाबरतो, आमच्याकडे यावरून रात्री फोन आलेले आहेत.

आणि एफ१० ने बाहेर पडायला जाल तर ग्नोम टर्मिनल ते बटण स्वतःच्या मेनूसाठी मधल्यामधे पळवतं, एचटॉपपर्यंत पोचतच नाही. क्यू दाबा, तेच काम होतं. एफ९ ऐवजी के, एफ३ ऐवजी स्लॅश, एफ५ ऐवजी टी, असे पर्याय जवळपास सगळ्या एफवाल्या बटणांना आहेत, फोनवरून एसएसएच करणाऱ्याला हे माहीत नसेल तर अवघड आहे. फक्त कॅप्स लॉक बघा. छोटा के म्हणजे किल, मोठा के म्हणजे कर्नल थ्रेड दाखव-लपव, दाबायला गेलो काय आणि झालं काय.

टॉपवर मी खूश आहे असं ऐकू येत असेल पण त्याचीही एक खोड आहे आणि ती जास्त धोक्याची. के दाबलं की तो पीआयडी विचारतो आणि डिफॉल्ट म्हणून यादीतला पहिला दिसणारा पीआयडी स्वतःच देतो. काही न टाकता एंटर मारलं की तोच धरतो, मग सिग्नल विचारतो, डिफॉल्ट १५, परत एंटर मारलं की गेलं. म्हणजे घाईत दोनदा एंटर दाबणाऱ्या माणसाने सगळ्यात वरची प्रोसेस उडवली, आणि सगळ्यात वर कोण असतं, तर सगळ्यात जास्त काम करणारी, आमच्याकडे बऱ्याच वेळा डेटाबेस. तो आपला असेल किंवा आपण सुडोने बसलेलो असू तर अडवणारं कोणीच नाही. बाहेर पडायचं तर एस्केप, किंवा सिग्नलच्या जागी शून्य. पीआयडीच्या जागी शून्य टाकू नका, शून्य म्हणजे तो टॉप स्वतःलाच समजतो.

चुकीचं बटण दाबलं तर टॉप सांगतो की ही कमांड माहीत नाही, मदतीला एच दाबा. चुकीचा युजर टाकला, आकड्याच्या जागी अक्षरं टाकली, सगळ्याला उत्तर आहे, ओळ क्षणभर राहते मग जाते, तेवढ्यात वाचावी लागते एवढंच. टॉप हे नाव १९८४ पासूनचं आहे, विल्यम लेफेव्ह्रने लिहिलेलं, लिनक्सवर आज जो असतो तो प्रोकप्स नावाच्या पॅकेजमधला वेगळा कोड आहे पण स्वभाव तोच जुन्या क्लार्कसारखा, हसणार नाही, पण अर्ज का परत केला ते कारण लिहून देणार. एचटॉप हिशाम मुहम्मदने २००४ ला सुरू केलं, २०२० च्या ३.० पासून नवीन टीम सांभाळते. सुधारणा चालू असतात त्यामुळे तुमच्या व्हर्जनला काय होतं ते एकदा मुद्दाम रूटच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या प्रोसेसवर सिगटर्म देऊन बघाच, साध्या युजरनेच पण, सुडोने नको!

बीटॉप या बाबतीत दोघांच्या पुढे आहे. परवानगी नसेल तर मधोमध चौकट येते, फेल्युअर, सिग्नल द्यायची परवानगी नाही. प्रोसेस तेवढ्यात आपणहून संपली असेल तर सापडली नाही असं सांगतो, सिग्नल चालत नसेल तर तेही. चौकट आपण घालवल्याशिवाय जात नाही, म्हणजे वाचलीच जाते. त्रास दुसरीकडे आहे. लोकेल (मशिनचं भाषा-अक्षरांचं सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर सुरूच होत नाही, कारण सांगतो आणि जबरदस्तीने चालवायचा ऑप्शनही सांगतो हे मान्य, पण जुन्या मशिनवर घाईत ते कोण बसून करणार. आणि स्क्रीन लहान असेल तर आत्ता रुंदी-उंची किती आणि लागते किती ते आकडे दाखवून थांबतो. आमच्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून उभ्या फोनवर बीटॉप उघडून बघा, सर्व्हर सोडून बाकी सगळं कळेल.

तिघेही जिथे सारखेच हतबल होतात ते म्हणजे स्टेटसच्या कॉलममध्ये डी किंवा झेड असलेली प्रोसेस. डी म्हणजे ती कर्नलच्या आत डिस्क वगैरेची वाट बघत अडकलीये, बॅकअपची यूएसबी डिस्क मरायला टेकली की हमखास दिसतं, ९ नंबर दिला तरी सिग्नल रांगेत पडून राहतो, डिस्कचं उत्तर आल्याशिवाय काही होत नाही. झेड म्हणजे झोंबी, ती आधीच मेलेली आहे, तिच्या पेरेंट प्रोसेसने नोंद घेतली नाही म्हणून यादीत नाव राहिलंय, मेलेल्याला परत काय मारणार, पेरेंटकडे बघा. आणि इथे गंमत बघा, या दोन्ही वेळी परवानगी असेल तर सिग्नल पाठवणं यशस्वीच होतं, त्यामुळे एरर कोणीच देत नाही, बीटॉपसुद्धा नाही. म्हणून किल फसलं असं वाटलं की आधी युजरचा कॉलम, मग स्टेटसचा कॉलम, ही सवय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा कामाची.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) रात्री नोंद ठेवायची असेल तर एचटॉपला बॅच मोडच (स्क्रीनशिवाय चालायची सोय) नाही, टर्मिनल नाही म्हणून रडून बंद पडेल. टॉपसुद्धा साधा दिला तर एरर देऊन थांबतो, पण मायनस बी मायनस एन १ दिलं की एकदाची यादी फाइलमध्ये टाकून मोकळा. एचटॉपच्या सेटिंगची फाइल हाताने बदलायच्या भानगडीत पडू नका, इंटरफेसमधून काही बदललं की ती परत लिहिली जाते, आणि फाइलच्या सुरुवातीला त्यांनीच लिहून ठेवलंय की ही वाचणारा कोड फार आदिम आहे, माणसांना सोयीचा नाही. असा प्रामाणिकपणा मला आवडतो, किलच्या वेळी पण दाखवला असता तर.

पॅकहाऊसच्या सुपरवायझरला नुसतं बघायला द्यायचं असेल तर एचटॉप रीडओन्ली ऑप्शन लावून द्या, खालच्या पट्टीतून नाइस आणि किल ही नावंच गायब होतात, तो कितीही एफ९ बडवो, काही होत नाही. टॉपमध्ये हेच मायनस एसने होतं, आणि तिथे के दाबलं तर सिक्युअर मोडमध्ये हे मिळणार नाही असं उत्तर येतं. माझ्याकडून टॉपला पाचपैकी चार, बीटॉपला साडेतीन, एचटॉपला पण साडेतीन, आणि रोज उघडतो मात्र एचटॉपच.