विश्रामबागच्या बाईंची शिकवणी आणि माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू (साडेचार स्टार)

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज नातू शाळेत गेलाय, घर शांत आहे, म्हणून बसले. सांगलीत विश्रामबागला एक बाई राहत्या घरी इंग्लिश स्पीकिंगचे क्लास घेतात. पाटी छोटीशीच आहे, जिना चढून वर जायचं, पोरं बहुतेक आयईएलटीएसवाली (परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा) नाहीतर नर्सिंग करून बाहेर निघालेल्या मुली. मी वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांच्याकडं अडीच महिने गेले ते अमेरिकेच्या सिटिझनशिपच्या तयारीसाठी. माझ्यासारखे कितीतरी आई-वडील इथं न्यू जर्सीत मुलांकडं राहतायत, त्यातले आपल्या सांगली-साताऱ्याकडचे पण बरेच भेटतात, त्यांच्या उपयोगाला येईल म्हणून सगळं सविस्तर सांगते.

माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. ग्रीनकार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, मुलाकडून झालं, पाच वर्षं व्हायला आली तसं मुलानं ऑनलाईन एन-४०० म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा फॉर्म भरला, ७१० डॉलर फी (कागदावर भरला तर ७६०). पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी भरता येतो, आणि त्या पाच वर्षांत निदान ३० महिने तुम्ही अमेरिकेत असायला पाहिजे, एका वेळी सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर प्रश्न येतात. म्हणून मी सांगलीला आले तरी तीन महिन्यांतच परत फिरायचं ठरवून आले होते. मराठीत इंटरव्ह्यू देता येईल का हे आधी विचारलं, तर ती सवलत वय ५५ आणि ग्रीनकार्ड १५ वर्षांचं असेल किंवा वय ५० आणि ग्रीनकार्ड २० वर्षांचं असेल तर, माझी पाचच वर्षं, म्हणजे इंग्रजीतच.

आधी मी एका ऑनलाईन क्लासला पैसे भरले होते. त्यांनी सिव्हिक्सच्या, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यावरच्या, १०० प्रश्नांची पीडीएफ पाठवली आणि रोज दहा पाठ करा म्हणाले, झालं. मी पाठ केले हो, शंभरच्या शंभर, नातवानं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत होते. आणि मनातनं वाटायचं की झाली तयारी.

बाईंकडं पहिल्या दिवशी गेले तर त्यांनी ते १०० प्रश्न बाजूलाच ठेवले. म्हणाल्या, काकू, तुमचा फॉर्म आणलाय का? मी म्हटलं फॉर्म मुलानं भरलाय, मी फक्त सही केली. त्या म्हणाल्या मग उद्या त्याची प्रिंट काढून आणा, अख्ख्या फॉर्मची. मला तेव्हा राग आला थोडा, म्हटलं मी अभ्यासाला आले आणि ह्या फॉर्म काय बघत बसल्यात. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्ममधला एक प्रश्न वाचून दाखवला, हॅव यू एव्हर रजिस्टर्ड टू व्होट, पुढं अमेरिकेतली कुठलीही निवडणूक असं काहीतरी, आणि मी लगेच येस म्हटलं. का नाही म्हणणार, मी सांगलीत इतकी वर्षं मतदान केलंय, लग्न झाल्यापासून एक निवडणूक चुकवली नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या काकू, हा प्रश्न अमेरिकेतल्या मतदानाचा आहे, नागरिक नसताना तिथं मतदार म्हणून नाव नोंदवलंत असं तुमच्या तोंडून गेलं तर नागरिकत्व राहिलं बाजूला, ग्रीनकार्डावर पण संकट येऊ शकतं. माझे हातपाय गार पडले. मला अर्धाच प्रश्न समजला होता आणि मी येस म्हणून मोकळी झाले होते.

हीच या बाईंची खरी शिकवण, आणि पैसे कशाचे दिले म्हणाल तर याचेच. ऑफिसर तुमचं इंग्रजी बोलणं-समजणं वेगळा पेपर काढून तपासत नाही, तुमच्याच फॉर्ममधले प्रश्न विचारत जातो आणि तुम्हाला कळतंय का ते बघतो. तिथं नुसती मान हलवून चालत नाही.

त्यांनी मला २०० पानी वही करायला लावली. डाव्या बाजूला फॉर्ममधला शब्द, मधे उच्चार देवनागरीत, उजव्या बाजूला मराठी अर्थ, आणि खाली मी माझ्या भाषेत एक ओळ लिहायची. बेअर आर्म्स म्हणजे देशासाठी हत्यार हाती धरणं. नॉन-कॉम्बॅटंट म्हणजे सैन्यात राहून पण न लढता काम करणं. पर्सिक्यूट म्हणजे एखाद्याला त्याच्या जातीवरनं, धर्मावरनं छळणं. ओव्हरड्यू टॅक्स म्हणजे थकलेली पट्टी, हे मी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीवरनं लक्षात ठेवलं. एकेक पान त्या वाचायच्या आणि अर्थ चुकला असेल तर नुसती फुली मारायच्या नाहीत, मलाच परत विचारायच्या, तुम्हाला काय वाटलं होतं याचा अर्थ? वहीची कड अजून हळदीनं पिवळी आहे, कारण मी ती स्वैपाकघरात ओट्यावर उघडी ठेवून भाजी चिरता चिरता म्हणायचे.

दोन वाक्यं त्यांनी माझ्याकडनं इतक्यांदा घोटून घेतली की आता झोपेत पण म्हणेन. आय डिडन्ट अंडरस्टँड, कुड यू प्लीज रिपीट. आणि कुड यू प्लीज से दॅट इन अदर वर्ड्स. आपल्या पिढीला, त्यातनं बायकांना, साहेबासमोर मला समजलं नाही म्हणायची लाज वाटते, लहानपणापासून हो हो म्हणायचीच सवय. बाई म्हणायच्या, काकू, समजलं नाही म्हणणं चूक नाही, न समजता हो म्हणणं चूक आहे. हे ऐकायला सोपं वाटतं पण मला जमायला तीन आठवडे लागले.

मग १०० प्रश्नांवर आलो. तिथं पण त्यांनी पाठांतर नको म्हटलं, गोष्ट म्हणून सांगितलं. एक प्रश्न आहे, वसाहतीतले लोक ब्रिटिशांशी का लढले. उत्तरं अशी की कर जास्त होते, ब्रिटिश सैनिक लोकांच्या घरात राहायचे, आणि स्वतःचं राज्य स्वतः चालवायला मिळत नव्हतं, सेल्फ गव्हर्नमेंट. हा शब्द माझ्या डोक्यात राहीना. बाईंनी विचारलं तुमचं माहेर कुठलं. मी म्हटलं कुंडलच्या जवळच. तर म्हणाल्या मग तुम्हाला मी काय शिकवू, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार काय होतं सांगा. आणि मी सांगायला लागले, वडिलांकडनं ऐकलेलं सगळं, गावोगावची लोकन्यायालयं, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, १९४३ ते ४६ इंग्रज असतानाच लोकांनी आपला कारभार आपण चालवला ते. बाई म्हणाल्या, बास, हेच सेल्फ गव्हर्नमेंट. त्यानंतर तो शब्द परत कधी विसरले नाही, आणि इंटरव्ह्यूत नेमका तोच प्रश्न आला.

इंटरव्ह्यू नेवार्कला होता, एप्रिलमध्ये. मुलगा बाहेर थांबला, मी एकटी आत. मोबाईल बंद करायला लावला. ऑफिसर मॅडम होत्या, आधी उभं करून उजवा हात वर करायला सांगितला, खरंच सांगेन अशी शपथ, मग बसा म्हणाल्या. पासपोर्ट, ग्रीनकार्ड बघितलं, मग माझ्या सांगलीच्या फेऱ्या विचारल्या, कधी गेलात, कधी आलात, कशासाठी. बाईंनी पासपोर्टचे शिक्के बघून माझ्याकडनं सगळ्या तारखा एका पानावर लिहून घेतल्या होत्या, ते पान तोंडपाठ होतं. फॉर्ममधले हॅव यू एव्हर सुरू झाले, मॅडम फार भरभर बोलत होत्या, दोन ठिकाणी मी सरळ म्हटलं समजलं नाही, परत सांगा, त्यांनी अगदी शांतपणे दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मतदानाचा प्रश्न आला तेव्हा मी पूर्ण ऐकून घेतला आणि मग नो म्हटलं. बेअर आर्म्सचा अर्थ काय हे पण विचारलं. मी म्हटलं, टू टेक वेपन अँड फाईट फॉर द कंट्री. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेल्या.

माझ्या वेळच्या परीक्षेत सिव्हिक्सचे दहा प्रश्न होते, सहा बरोबर लागायचे, माझे पहिले सहाच बरोबर आले आणि तिथंच थांबवलं. वाचायला एक वाक्य दिलं, मग लिहायला एक. दोन्हीसाठी तीन-तीन संधी असतात, त्यातलं एक वाक्य बरोबर आलं की पुरतं.

आता अर्धा स्टार कापला तो याच जागी. लिहायचं वाक्य कागदावर नव्हतं, टॅबलेटवर होतं, हातात ते प्लॅस्टिकचं पेन दिलं आणि काचेवर लिहा म्हणाल्या. बाईंकडं मी अडीच महिने चार रेघी वहीवर लिहिलं होतं, काचेवर पेन घसरायला लागलं, अक्षर वाकडंतिकडं, हात थरथरत होता. वाचता आलं त्यांना म्हणून झालं. बाईंनी एखाद्या दिवशी मोबाईलवर बोटानं तरी लिहायला लावलं असतं तर बरं झालं असतं. दुसरं म्हणजे त्यांचं इंग्रजी आपल्यासारखं संथ आणि स्पष्ट, तिथल्या लोकांचा वेग वेगळाच. शेवटच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या बँकेतनं रिटायर झालेल्या काकांना बोलावून मला अनोळखी माणसासमोर बसवलं होतं ते फार उपयोगी पडलं, पण ते एकदाच झालं, चार-पाच वेळा व्हायला पाहिजे होतं. हे दोन्ही मी त्यांना फोनवर सांगितलं, त्यांनी लगेच लिहून घेतलं.

एक महत्त्वाचं. २० ऑक्टोबर २०२५ पासून फॉर्म भरणाऱ्यांना नवीन परीक्षा आहे, १२८ प्रश्नांतनं २० विचारतात, १२ बरोबर लागतात. माझा अर्ज आधीचा होता. बाईंनी आता नवीन प्रश्न घेतलेत, पण तुमचा अर्ज कुठल्या तारखेचा आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. नापास झालात तरी ६० ते ९० दिवसांत परत एकदा बोलवतात, तेवढ्यावरनं घाबरू नका.

आणि जमिनीचं. आपल्याकडच्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो, मला पण रात्र रात्र झोप नव्हती. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, अमेरिकेची शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) काढायचं. तासगावकडं आमची थोडी द्राक्षबाग आहे, मिस्टरांच्या मागं वारसानं माझ्या नावावर आलेली. बाईंनी स्पष्ट सांगितलं, हे माझं काम नाही, वकिलाला विचारा. मला ते आवडलं, येत नसलेलं येतं म्हणाल्या नाहीत. वकिलांनी सांगितलं वारसानं आलेली राहते, पण ओसीआयवाल्याला शेतजमीन नवीन विकत घेता येत नाही, आणि भारतात मतदान पण करता येत नाही. मतदानाचं मला फार लागलं. पासपोर्ट जमा करायच्या आदल्या रात्री मी त्याची सगळी पानं उलटून बघितली, पहिल्या पानावरचा माझा फोटो सांगलीत हरभट रोडला काढलेला.

शपथविधी झाल्यावर सर्टिफिकेटचा फोटो बाईंना पाठवला. सांगलीत रात्र होती तरी त्यांचा लगेच फोन आला, आणि पहिला प्रश्न इंग्रजीत, काकू, शपथेत बेअर आर्म्स आलं का? आलं म्हटलं, आणि दोघी रडलो.

फी मला महिना २,००० पडली, रोज एक तास. दुपारी एक ते चार बंद असतं. आयईएलटीएसच्या पोरांबरोबर बसवत असतील तर नको म्हणा आणि वेगळी वेळ मागून घ्या, सकाळी दहाची मिळते. फॉर्मची प्रिंट आणि सगळे जुने पासपोर्ट पहिल्याच दिवशी बरोबर न्या.