सुशी खायला दोघंच जाताय? काउंटर, टेबल की फिरता पट्टा

दोघांनी सुशी खायला जायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती कुठलं रेस्टॉरंट चांगलं याची. माझ्या मते त्याआधी बसायचं कुठे हे ठरवावं: शेफसमोरच्या काउंटरवर, साध्या टेबलावर, की बशा फिरवणाऱ्या पट्ट्याशेजारी? मासा तिन्हीकडे चांगला मिळू शकतो आणि तिन्हीकडे वाईटही. पण गप्पांना किती वाव मिळणार, बिल किती फुगणार आणि कच्च्या माशाला बिचकणाऱ्या सोबत्याचं काय, हे बसण्याच्या जागेवरूनच ठरतं.

सोबतचा मित्र पहिल्यांदाच सुशी खाणार असेल, तर सरळ पट्ट्यावर जा. ही कल्पना योशिआकी शिराइशी यांची. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ती सुचली आणि १९५८ साली ओसाकाजवळ त्यांनी असं पहिलं दुकान उघडलं. पट्ट्याचा वेग सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर. पट्टा याहून जोरात पळाला तर बशी उचलताना धांदल उडते, रेंगाळला तर समोर काही येतच नाही. नवख्या माणसाला इथे मेनूतली नावं वाचत बसावं लागत नाही. दिसलं, आवडलं, उचललं. बशीत बहुधा दोनच तुकडे असतात, म्हणजे एक तुझा, एक माझा. नाही रुचलं तर नुकसान एका बशीचं. बशीच्या रंगावरून भाव कळतो आणि शेवटी रिकाम्या बशा मोजून बिल होतं, त्यामुळे किती खर्च झाला हे सतत समोर दिसत राहतं. हात आखडता असणाऱ्या मित्राला हे फार सोयीचं, त्याला कुणाला काही सांगावं लागत नाही.

खोट आहे ती ताजेपणाची. बशी केव्हापासून फिरतेय हे सांगता येत नाही. भाताची कड सुकलेली किंवा माशाची चकाकी गेलेली दिसली तर ती जाऊ द्या आणि तोच प्रकार नव्याने करून मागा. २०२३ मध्ये जपानमध्ये गिऱ्हाइकांनी सोया सॉसच्या बाटल्या चाटल्याचे व्हिडिओ पसरले. त्यानंतर तिथल्या अनेक साखळ्यांनी उघडी सुशी फिरवणं कमी केलं किंवा थांबवलं. अशा ठिकाणी आता स्क्रीनवर मागवलेली बशी तेवढी आपल्यापुढे येऊन थांबते. सुशी ताजी मिळते, पण समोरून काय काय जातंय हे बघत बसायची गंमत गेली. शिवाय इथलं जेवण झटपट उरकतं. मनातलं काही बोलायचं असेल, तर पट्ट्यानंतर चहाकॉफीसाठी दुसरी जागा शोधावी लागेल.

काउंटरची गोष्टच वेगळी. निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटकुळ्यावर माशाचा काप, ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, रस्त्यांवर गाड्यांवर मिळायची. घाईत असलेल्या माणसाने दोन घासांत संपवायचा हा पदार्थ. आजच्या महागड्या काउंटरवरही तिचा स्वभाव बदललेला नाही. चांगल्या ठिकाणी भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो आणि वरचा मासा किंचित गार. हा फरक जेमतेम मिनिटभर टिकतो आणि काउंटरचे जास्तीचे पैसे आपण त्यासाठीच मोजतो. म्हणून शेफने तुकडा समोर ठेवला की तो तोंडात गेला पाहिजे, मग मैत्रिणीची गोष्ट कितीही रंगात आलेली असो. हाताने उचलला तरी चालतं. शेफने वरून सॉस लावलेलाच असेल तर पुन्हा बुडवू नका. एरवी बुडवायचा तो मासा. भात बुडवला की तो सगळा सॉस पितो आणि वाटीतच विस्कटतो.

गप्पांसाठी काउंटर निवडणं मला म्हणूनच पटत नाही. तुम्ही शेजारी-शेजारी बसता, दोघांची नजर शेफच्या हातांवर, आणि दर दोन-तीन मिनिटांनी नवा तुकडा. ओमाकासे घेतलंत तर काय खायचं आणि कोणत्या क्रमाने, हे सगळं शेफच्या हाती. सुरुवात बहुधा हलक्या पांढऱ्या माशांनी, पुढे तेलकट ट्यूना, शेवटाकडे गोडसर ऑमलेट. माशांचं वेड असलेल्या दोघांसाठी याहून चांगली संध्याकाळ नाही. एकमेकांकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या तरी पुरे. पण दोघांपैकी एकालाच वेड असेल तर दुसऱ्याला सोळा-सतरा तुकडे आणि निम्मं बिल ही शिक्षा वाटेल. तिन्हींत सर्वात महाग पर्याय हाच, आणि इथे कमी खाऊन पैसे वाचत नाहीत. परवडत नाही हे मित्र तोंडावर सांगणार नाही, तेव्हा बुकिंगआधी आकडा त्याच्या कानावर घाला. अनेक ठिकाणी दुपारचं ओमाकासे रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. वेळेवर पोचा, कारण बऱ्याच जागी सगळ्यांना एकत्रच सुरुवात करतात. आणि त्या दिवशी अत्तर लावू नका.

टेबल हा दिसायला साधा पर्याय, पण सुशीपेक्षा सोबत महत्त्वाची असेल तर माझं मत टेबलाला. समोरासमोर बसता येतं, मध्येच थांबता येतं, एकाने कच्चं आणि एकाने शिजवलेलं खाल्लं तरी बिघडत नाही. पथ्य एकच: निगिरीचं मोठं ताट एकदम मागवू नका. बोलण्याच्या नादात भात गार होऊन घट्ट बसतो आणि शेवटचे तुकडे नुसते संपवायचे म्हणून संपवले जातात. थोडं थोडं मागवा. साशिमीत, म्हणजे नुसत्या कच्च्या माशाच्या कापांत, भातच नसल्याने ती जरा दम धरते, भात बाहेरून असलेले रोलही. हँड रोल मात्र आला की लगेच खा, त्याची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचं पान, मऊ पडली की तो दाताने तुटत नाही. वाटून खाताना एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये. जपानमध्ये अंत्यसंस्कारानंतर अस्थी तशा उचलून देतात. बशीत ठेवा, तिथून त्याला घेऊ द्या.

शाकाहारी मैत्रिणीला न्यायचं असेल तर टेबलच. काकडीचा रोल, अवोकाडोचा रोल, मुरवलेल्या मुळ्याचा रोल, गोडसर तोफूच्या पिशवीत भरलेली इनारी, एवढ्यात पोट भरतं. पण मासा लपून येतो तो अशाच बिनमाशाच्या वाटणाऱ्या पदार्थांतून. मिसो सूपचा आधार म्हणजे दाशी हा पातळ अर्क, आणि तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढतात. इनारीची पिशवी आणि सुशीतलं ऑमलेट यांतही दाशी असू शकते. खेकड्याची कांडी म्हणून मिळते ती माशाच्या लगद्याची. टेबलावर वेटरला हे सगळं निवांत विचारता येतं, फिरत्या बशीला विचारता येत नाही. गव्हाचं वावडं असणाऱ्यानेही सोया सॉसची चौकशी करावी, कारण नेहमीच्या सॉसमध्ये गहू असतो.

‘मासा गोठवलेला तर नाही ना?’ असं नाक मुरडून विचारणारे मित्र असतात. त्यांना सांगा, कच्च्या खायच्या माशातले परजीवी मारण्यासाठी गोठवणं हाच भरवशाचा उपाय आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शनात उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस हा एक पर्याय दिलेला आहे. जंतू मात्र त्याने मरतीलच असं नाही, म्हणून गर्भवती मैत्रिणीसोबत जाताना तिन्हींपैकी कुठलीही जागा निवडा, तिच्यासाठी शिजवलेलंच मागवा.

दोघांचं जमतच नसेल, एकाला शेफचे हात बघायचे आहेत आणि दुसऱ्याला दोन रोलांवर थांबायचंय, तर फोन करून विचारा की काउंटरवर बसून मेनूतलं एकेक मागवता येतं का. बऱ्याच ठिकाणी येतं, विशेषतः आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी. फक्त ओमाकासेच मिळेल असं उत्तर आलं, तर काउंटरचा हट्ट सोडून टेबल बुक करा.