नाव पुसणारं ॲप: क्लासिकल ऐकण्यासाठी बरेच महिने वापरल्यानंतर

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातलं सहसा न वाजणारं काही शोधायचं असेल तर हे संगीत ऐकवणारं ॲप घ्यावं का, असं गेल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. आज म्हणेन, घ्या, पण वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. कारण एकच आहे आणि मी त्यावरच बोलणार आहे. एखादं ध्वनिमुद्रण ॲपवरून निघालं की माझ्या यादीतून त्याचं नावही निघून जातं. मागे राहते एक करडी ओळ, ‘ही रचना उपलब्ध नाही’. कोणाची, कोणती, कोणी वाजवलेली, काहीच कळत नाही.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच खोड मला इतरत्रही दिसली आहे, आणि मला त्या खोडीबद्दल बोलायचं आहे.

आवाजाबद्दल तक्रार नाही. लॉसलेस (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) खरोखर लॉसलेस आहे, आणि एका मूव्हमेंटमधून (रचनेच्या एका भागातून) दुसरी थेट सुरू होते तिथे मध्ये खंड पडत नाही. डाउनलोडही नीट होतात. बाकी वैशिष्ट्यं सगळ्यांना माहीतच आहेत.

सुरुवातीला मी सर्वात जास्त वैतागले होते ते शिफारशींवर. फ्रेंच संगीतकार लुईस फरांक यांची तिसरी सिम्फनी (जी मायनर, १८४७) संपली की ॲप लगेच मूनलाइट सोनाटाची पहिली मूव्हमेंट लावायचं. फरांक पॅरिसच्या कॉन्झर्वेटोअरमध्ये १८४२पासून पियानो शिकवत होत्या. १८५०मध्ये त्यांच्या नोनेटच्या (नऊ वाद्यांच्या रचनेच्या) पहिल्या प्रयोगात, पुढे खूप गाजलेला तरुण योआखिम व्हायोलिनवर होता, आणि त्या यशानंतर त्यांनी पुरुष प्राध्यापकांएवढाच पगार मागून मिळवला. या बाईंपासून पुढे जायला किती वाटा आहेत! नोनेट आहे, पियानो क्विंटेट आहेत, उरलेल्या दोन सिम्फनी आहेत. ॲपला त्यातली एकही दिसत नाही. जे लोक सर्वाधिक ऐकतात तेच पुढे ढकलायचं, एवढंच त्याला येतं. हान्स रॉटचंही तसंच. रॉट हा संगीतकार माहलरचा सहाध्यायी. १८८४मध्ये, वयाच्या पंचविशीत गेला. त्याची ई मेजर सिम्फनी पहिल्यांदा वाजली १९८९मध्ये, सिनसिनाटीत. तिचं स्केर्त्सो (चपळ, खेळकर मूव्हमेंट) ऐका आणि मग माहलरच्या पहिल्या सिम्फनीतलं ऐका, दोन्हींतलं साम्य कान पकडून दाखवावं लागत नाही. पण माहलरच्या पानावर रॉटचा पत्ता नाही.

म्हणून पहिले काही आठवडे माझं मत होतं की नवीन शोधायला हे ॲप कुचकामी आहे. ते मत मी बदललं, आणि बदललं ते लेबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रण काढणाऱ्या कंपनीच्या नावावर, टिचकी मारायला लागल्यापासून. संगीतकाराच्या पानावर सगळं लोकप्रियतेच्या क्रमाने लावलेलं असतं. लिटोल्फचं पान उघडलं की वरपासून खालपर्यंत चौथ्या कॉन्सर्टो सिंफोनिकमधलं (ही पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ते एकच स्केर्त्सो दिसतं. लेबलच्या पानावर मात्र अल्बम येतात, अख्ख्या रचना येतात. हायपेरियन या लेबलचा सगळा संग्रह २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हता. आता आहे, आणि १९९१पासून चाललेली त्यांची रोमँटिक पियानो कॉन्सर्टोंची मालिका ओळीने ऐकता येते. पहिल्या खंडात मोशकोव्स्की आणि पाडेरेव्स्की. लिटोल्फची ती चौथी कॉन्सर्टो पीटर डोनोहो यांनी वाजवलेली, चारही मूव्हमेंटसह, मला तिथेच मिळाली. स्केर्त्सो तिच्या जागी बसलेलं ऐकलं आणि इतकी वर्षं सगळे ते सुटं का वाजवतात याचा मला राग आला. सीपीओ आणि टोकाटा क्लासिक्स ही लेबलंही अशीच चाळावीत. तिथे अल्बमच्या पुस्तिकेची पीडीएफही बऱ्याचदा जोडलेली असते, आणि अनोळखी संगीतकाराच्या बाबतीत ती पुस्तिका असली म्हणजे निम्मी मेहनत वाचते.

तर अशा शोधातून माझी यादी तयार झाली. त्यात फरांक, रॉट, एमिली मायर, राफची ‘लेनोर’ सिम्फनी, कालिनिकोव्हची पहिली सिम्फनी, वाइनबर्गचे क्वार्टेट (चार तंतुवाद्यांच्या रचना), झेलेंकाचे ट्रायो सोनाटे, आल्कां. मित्रमंडळींच्या गटात मी दर आठवड्याला त्यातलं एक पाठवते. तेही पाठवतात. नवीन काही सापडण्याचा आनंद मला तरी कुणाला ते ऐकवल्याशिवाय पुरता मिळत नाही, म्हणून यादी हीच माझ्यासाठी या ॲपची खरी किंमत होती.

मग एके दिवशी यादी उघडली तर जवळपास तिसरा हिस्सा करडा.

बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची एक आवृत्ती गेली तर शेकडो उरतात. इथे तसं नाही. कमी वाजणाऱ्या रचनेची मोजकीच ध्वनिमुद्रणं असतात, कधी एकच असतं. त्यातलं नेमकं कोणतं गेलं हेच कळत नसेल तर दुसरं शोधणार कसं? करड्या ओळीवर बोट दाबून पाहिलं, माहिती उघडत नाही. ब्राउझरमधून पाहिलं, तिथेही तेच वाक्य. जुनी लिंक उघडली तर रिकामं पान.

ग्राहक सेवेला लिहिलं. पहिलं उत्तर: कॅशे साफ करा, ॲप काढून पुन्हा टाका. केलं, काही झालं नाही. दुसरं उत्तर: हक्कधारकाने सामग्री मागे घेतली आहे, आमच्या हातात नाही. ठीक आहे, मला पटलं, हक्क त्यांचे. मी लिहिलं की मला संगीत परत नको, फक्त त्या ओळींमधली नावं द्या. तिसरं उत्तर असं की नावं हीसुद्धा त्या सामग्रीबरोबर आलेली माहिती आहे, ती गेली की तीही जाते. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले, ते नियमात बसत नाहीत असं कळवलं. वर्षाचे पैसे आगाऊ भरण्यात जी बचत दिसते ती या एका गोष्टीपुढे काहीच नाही, आणि पैशांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, म्हणून हे मला जास्त लागलं.

‘झेलेंका, ट्रायो सोनाटा’ हे शब्द कुणाच्या मालकीचे कसे असू शकतात? मी ती ओळ माझ्या यादीत माझ्या हाताने टाकली. निदान तेवढा मजकूर माझ्या खात्यात राहायला हवा. विसरलेलं संगीत परत मिळतं ते नावामुळेच. अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस यांची कितीतरी हस्तलिखितं २००९मध्ये इलिनॉयमधल्या सेंट ॲन इथल्या एका पडीक घरात सापडली, त्यात व्हायोलिन कॉन्सर्टोही होत्या. घर मोडकळीला आलं होतं, पण कागदांवर नाव होतं. म्हणून घर विकत घेणाऱ्यांना शोध घेता आला. माझ्या यादीत तेवढंही ठेवलेलं नाही.

बरीचशी नावं मला गटातल्या जुन्या संदेशांतून परत मिळाली, कारण आमच्यात एक जण लिंकसोबत संगीतकार आणि वादक नेहमी टाइप करतो. ती नावं शोधपट्टीत टाकली आणि मला धक्का बसला. करड्या झालेल्यांपैकी कितीतरी ध्वनिमुद्रणं त्याच ॲपवर होती! तोच अल्बम, तेच मुखपृष्ठ, तेच वादक, फक्त नवीन नोंद. लेबलने वितरक बदलला की अल्बम नव्याने चढवला जातो आणि जुनी नोंद बंद पडते, असं या व्यवसायात सर्रास घडतं. म्हणजे संगीत गेलंच नव्हतं. यादीत नाव राहिलं असतं तर दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं असतं. मदत केंद्रातल्या कुणीही हे मला सांगितलं नाही.

आता मी लिंक कधीच नुसती पाठवत नाही. संगीतकार, रचना, सूचीतला क्रमांक (संगीतकाराच्या रचनांच्या यादीतला), वादक, लेबल आणि सापडलं तर ध्वनिमुद्रणाचं वर्ष हे सगळं लिहूनच. उदाहरणार्थ: झेलेंका, ट्रायो सोनाटा क्रमांक ५, एफ मेजर, झेडडब्ल्यूव्ही (झेलेंकाच्या रचनांची सूची) १८१, हाइन्त्स होलिगर आणि साथीदार, आर्काइव्ह. सूचीचा क्रमांक फार उपयोगी पडतो, कारण रशियन-पोलिश नावांच्या रोमन स्पेलिंगचा काही भरवसा नाही. वाइनबर्ग निदान तीन-चार प्रकारे लिहिलेला सापडतो, पण ओपस क्रमांक (रचनेचा क्रमांक) बदलत नाही. आल्कांच्या ओपस ३९मध्ये मात्र क्रमांकानेही दमवलं. बारा एट्यूड (तंत्राच्या सरावासाठीच्या रचना), त्यातल्या आठ ते दहा मिळून एकट्या पियानोची कॉन्सर्टो होते आणि चार ते सात मिळून सिम्फनी. एका अल्बमवर ‘कॉन्सर्टो, पहिली मूव्हमेंट’ तर दुसऱ्यावर ‘एट्यूड क्रमांक ८’, आणि दोन्ही एकच, जवळपास अर्ध्या तासाचं वादन. ॲपने ही दोन नावं एकमेकांना जोडलेली नाहीत. ध्वनिमुद्रणाच्या वर्षावर विसंबू नका, ॲप बहुतेक वेळा नव्या आवृत्तीचं वर्ष दाखवतं. खरं वर्ष पुस्तिकेत पाहावं.

ॲपसोबत मी आयएमएसएलपी ही वेबसाइट वापरते, आणि तिथे मला ॲपपेक्षा जास्त विश्वास वाटतो. २००६पासून चाललेला हा स्वरलिपींचा संग्रह २००७मध्ये एका प्रकाशकाच्या कायदेशीर पत्रामुळे बंद पडला होता आणि २००८च्या मध्यात परत आला. फरांक, राफ, आल्कां यांचं पुष्कळ काही तिथे मिळतं. वाइनबर्ग १९९६पर्यंत हयात होता, त्याच्या रचनांवर अजून स्वामित्वहक्क आहेत, त्यामुळे त्याचं मिळण्याची आशा ठेवू नये. लिपी समोर ठेवून ऐकलं की आल्कांच्या त्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये ‘तुट्टी’ (सगळा वाद्यवृंद) आणि ‘सोलो’ (एकटा वादक) दोन्ही एकाच माणसाने कसे उभे केले आहेत हे दिसतं. स्वरलिपी सरकत जाणारे व्हिडिओही सुंदर असतात, पण ज्यांच्या वर्णनात वादकांची नावं नसतात ते मी गटात टाकत नाही, कितीही चांगले असले तरी. ज्याने वाजवलं त्याचं नाव गाळून पुढे पाठवणं मला मान्य नाही. शिवाय ते व्हिडिओही उडतात, आणि मागे ‘हटवलेला व्हिडिओ’ एवढंच राहतं.

अख्खी सेवाच बंद होण्याची उदाहरणंही आहेत. खास क्लासिकलसाठी असलेली प्राइमफोनिक २०२१मध्ये ॲपलने घेतली आणि त्याच सप्टेंबरमध्ये ती बंद झाली. ॲपलचं क्लासिकल ॲप आलं ते मार्च २०२३मध्ये. म्हणून यादीची प्रत ॲपच्या बाहेर असायलाच हवी. या ॲपमध्ये यादी मजकूर म्हणून बाहेर काढायची सोय नाही. मी आता सगळं एका साध्या तक्त्यात हाताने भरते, अल्बमच्या बारकोडसकट. कंटाळवाणं काम आहे, पण वर्णानुक्रमे लावलं की रिकाम्या जागा कळतात: मायरच्या कोणत्या सिम्फनी ऐकायच्या राहिल्या, वाइनबर्गच्या सतरा क्वार्टेटपैकी क्वाट्युओर दानेल या वादकांच्या चौकडीच्या संचातले किती झाले.

वार्षिक वर्गणी संपली की मी महिन्याच्या हिशोबाने घेणार आहे, तेही रशियन संगीतकार मियास्कोव्स्कीच्या २७ सिम्फनी कंडक्टर स्वेतलानोव्ह यांच्या संचातून ओळीने ऐकून होईपर्यंत. करड्या ओळीत नाव टिकवणारं, किंवा यादी मजकुरात काढून देणारं एखादं ॲप कुणी वापरत असेल तर कृपया कळवा. आवाज थोडा कमी प्रतीचा असला तरी मी तिकडे जाईन.