विंडोज ११ मध्ये आयतं आलेलं टीम्स काढून टाकल्यानंतर

आधी निकाल सांगते: टीम्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मीटिंगचा आणि चॅटचा प्रोग्राम, काढून टाका. नुसतं लपवू नका. काढल्यावर सेवा केंद्राचं एकही काम अडत नाही, हे कित्येक महिने वापरून सांगतेय.

पारोळा तालुक्यात आमचं केंद्र आहे, मी आणि माझी धाकटी जाऊ चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पेन्शनवाल्यांच्या हयातीचे दाखले, जून-जुलैत प्रवेशाचे अर्ज आणि कापसाचा पीकविमा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हटल्यावर जुने डेस्कटॉप काढून विंडोज ११ चे घेतले. त्यात टीम्स आधीपासून बसलेलं असतं, आणि साइन इन केलं की आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतही असतं.

ज्याच्या ऑफिसचं कामच टीम्सवर चालतं त्याला ही सोयच आहे. आमचं तसं नाही. इथे लाइट जाते, यूपीएस थोडा वेळ तग धरतो, मग कॉम्प्युटर बंद. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारच्या कामासाठी चालवणारा प्रोग्राम) उठली पाहिजे, प्रिंटर जागा झाला पाहिजे, ब्राउझर उघडला पाहिजे. समोर बाकावर म्हाताऱ्या आजी बसलेल्या असतात, पीकविम्याची मुदत संपत आलेली असते. अशा वेळी सुरुवातीलाच उठणारा प्रत्येक जास्तीचा प्रोग्राम त्याच रांगेत घुसतो. घरच्या लॅपटॉपवर हे जाणवणार नाही. दिवसातून अनेकदा चालू-बंद होणाऱ्या मशीनवर लगेच जाणवतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आमचा स्क्रीन गिऱ्हाइकालाही दिसतो. मध्येच साइन इनची खिडकी आली की माणूस बिचकतो. ‘ताई, हाई काय शे?’ हा प्रश्न साधा नाही. आधारचं काम चालू असताना आपल्या खात्याचं काही गडबडलं का, ही भीती त्यामागे असते, आणि ती रास्तच आहे.

आता काय केलं ते. खिडकी फुलीवर दाबून बंद केली तरी टीम्स घड्याळाशेजारी चालूच राहतं, मूळ सेटिंगच तसं असतं. टास्कबारवरचं चिन्ह अनपिन केलं तर फक्त चिन्ह जातं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत डिसेबल केलं की आपोआप उठणं थांबतं, आणि पुष्कळांना एवढं पुरेल. आम्ही मात्र सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये जाऊन अनइन्स्टॉलच केलं. फार वेळ लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. हे काढणं त्या एका खात्यापुरतं असतं. जावेसाठी वेगळं खातं उघडलं तर तिथे टीम्स पुन्हा हजर असू शकतं, कारण नव्या खात्यांना देण्यासाठी विंडोज त्याची एक प्रत राखून ठेवतं. तिला प्रोव्हिजन्ड पॅकेज म्हणतात. ॲडमिन म्हणून पॉवरशेल (विंडोजला आज्ञा टाइप करून द्यायची खिडकी) उघडून ती वेगळी काढावी लागते. ग्रुप पॉलिसी एडिटर (अख्ख्या मशीनचे नियम ठरवायचं साधन) शोधत बसू नका, होम आवृत्तीत तो नसतो. आणि टीम्ससोबत एज वेबव्ह्यू (प्रोग्रामच्या आत वेबपानं दाखवणारा भाग) चालताना दिसलं म्हणून तेही उपटू नका. त्याच्यावर दुसरे प्रोग्रामही अवलंबून असतात.

एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगते. ‘एका क्लिकमध्ये विंडोज साफ’ म्हणणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या तयार फाइली, फिरत असतात. ज्या मशीनवर लोकांचे अंगठे आणि बँक पासबुकं येतात, तिथे अनोळखी स्क्रिप्ट ॲडमिनचे अधिकार देऊन चालवू नका. हाताने चार पायऱ्या करा, पण काय काढलं ते आपल्याला माहीत असू द्या.

विंडोजसोबत असे प्रोग्राम आयते देण्याची रीत जुनी आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीत विंडोज मेसेंजर हा चॅटचा प्रोग्राम असाच आत यायचा, आणि काढायच्या यादीत दिसायचाच नाही. सिसओसी नावाच्या फाइलमध्ये त्याच्या ओळीत ‘हाइड’ शब्द होता. तो खोडला की मेसेंजर यादीत दिसू लागायचा. (त्याच नावाची मेसेंजर सर्व्हिस वेगळी. तिच्यातून जाहिरातींच्या खिडक्या यायला लागल्या, आणि २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती मुळातच बंद ठेवली गेली.) मेसेंजर आणि मीडिया प्लेयर विंडोजला जोडून दिल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या व्यापार आयोगाने २००५ साली मायक्रोसॉफ्टला दंडही केला. पुढे विंडोज १० मध्ये ‘मीट नाऊ’ हे मीटिंगचं बटण आलं, २०२१ मध्ये विंडोज ११ च्या टास्कबारवर ‘चॅट’ आलं, २०२३ मध्ये त्याच्या जागी मोफत टीम्स आलं. त्या मानाने आज अनइन्स्टॉलचं बटण सरळ समोर आहे, हे श्रेय द्यायलाच हवं.

महिन्यांनंतर फरक काय? लाइट आल्यावर अंगठ्याचं मशीन लवकर तयार होतं, स्क्रीनवर आमच्या कामाशिवाय काही उगवत नाही. विंडोजचा वर्षाचा मोठा अपडेट बसला की स्टार्टअपची यादी आणि इन्स्टॉल्ड ॲप्स एकदा डोळ्याखालून घालायचं काम जावेने स्वतःकडे घेतलंय. अधूनमधून टीम्सवर मीटिंगची लिंक येते तेव्हा ती ब्राउझरमध्येच उघडतो. ‘या ब्राउझरवर पुढे जा’ निवडायचं, माइकला परवानगी द्यायची, नाव टाकायचं. प्रोग्राम बसवावा लागत नाही, आणि मीटिंग संपली की टॅब बंद.