फोर्टातले पेपरबॅकवाले काका : कव्हर बघून पुस्तक घेणाऱ्यांसाठी

फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ठेले बरेच आहेत पण या काकांकडे जायचं ते कव्हरसाठी, कारण त्यांनी अमेरिकन पेपरबॅक लेखकाप्रमाणे नाही तर चित्रकाराप्रमाणे लावलेत, असं मी दुसरीकडे कुठेच बघितलं नाही.

सगळ्यात मोठा गठ्ठा रॉबर्ट मॅकगिनिसचा. १९५८ मध्ये डेल या अमेरिकन प्रकाशनाची कव्हरं करायला लागला आणि पुढे १२०० च्या वर पेपरबॅक कव्हरं केली, बॉन्डपटांची पोस्टरं वेगळीच. रहस्यकथावाल्या कार्टर ब्राऊनच्या, सिग्नेट प्रकाशनाच्या कॉप्यांवरच्या त्या लांब पायांच्या बायका त्याच्याच, पण नुसत्या बाईवर थांबू नका, मागचा पडदा, खुर्चीचं कापड बघा, तळहाताएवढ्या जागेत केवढं काम केलंय! शेजारी जेम्स बामा, १९६४ पासून डॉक सॅव्हेज या साहसी नायकाच्या कथांची ६२ कव्हरं, फाटका शर्ट, पिळदार दंड, मॉडेल स्टीव्ह हॉलंड. बामा नंतर अमेरिकेतल्या वायोमिंगला जाऊन राहिला आणि कव्हरं सोडून तिकडच्या लोकांची पोर्ट्रेट करायला लागला.

काकांना हे सगळं तोंडपाठ आहे, फक्त विचारा. वियर्ड टेल्स या जुन्या भयकथांच्या अमेरिकन मासिकाच्या मार्गारेट ब्रुंडेजबद्दल तर नक्की विचारा, पेस्टल खडूंनी काढायची, कव्हरमागे ९० डॉलर, सही एम. ब्रुंडेज म्हणून वाचकांना आधी ही बाई आहे हेच माहीत नव्हतं, आणि १९७६ मध्ये गेली ती हलाखीतच. अशा स्वस्त कागदावरच्या मासिकांची, म्हणजे पल्पची, मूळ चित्रं बऱ्याच प्रकाशकांनी छापून झाल्यावर चक्क टाकून दिली, ऐकून डोकंच फिरतं. फँटसी चित्रकार फ्रँक फ्राझेटाने मात्र मूळ चित्रं परत मागून घ्यायची सवय ठेवली, त्याचं एक २०१९ मध्ये ५४ लाख डॉलरला गेलं.

तक्रार एकच पण मोठी, किमतीचं स्टिकर बरोबर खालच्या कोपऱ्यात म्हणजे सहीवरच चिकटवतात!! ओढून काढलं की रंगाचा पापुद्रा निघतो, ड्रायरची गरम हवा देऊन हळूहळू सोडवा. काका, मागच्या बाजूला लावा ना प्लीज.

भाव १५० ते ४००, कणा मोडलेला असेल तर कमी करतात. खालच्या खोक्यात कधीकधी आपल्या रघुवीर मुळगावकरांच्या कव्हरच्या मराठी रहस्यकथा असतात, दिसली की उचला, परत मिळत नाही. जीपे चालतं. पावसात ताडपत्रीखालचे गठ्ठे काढत नाहीत त्यामुळे दिवाळीनंतर जा. ५ पैकी ४.